घरबसल्या नोकरी, पण पायांचे काय?

मराठीत 'घरबसल्या' हा मोठा लाडका शब्द आहे. घरबसल्या कमाई, घरबसल्या शिवणकाम, घरबसल्या पदवी, अशा जाहिराती वाचत आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. सुखाची परिसीमाच जणू त्या शब्दात भरलेली. उन्हातान्हात जायला नको, एसटीत उभे राहायला नको, साहेबाचे तोंड पाहायला नको. त्या शब्दात 'बसणे' आहे आणि ते शब्दशः खरे ठरले तर काय होईल, याचा विचार कोणी केला नव्हता. तो करण्याची वेळ २०२० साली आली.

त्या वर्षी मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि पुण्याच्या हिंजवडी-खराडीत, हैदराबादेत, बंगळुरात नोकरी करणारी आपली मुले पाठीवर बॅग घेऊन गावी परतली. लातूर पॅटर्नवर घासूनपुसून इंजिनिअर झालेली ही मुले. चाकूरसारख्या गावाने त्यांना बारावीनंतर दिवाळी-दसऱ्यालाच पाहिले होते. लातूरहून नांदेडकडे जाताना महामार्गावर लागणारे हे तालुक्याचे गाव. शिवराज पाटील चाकूरकरांच्या आडनावामुळे ते दिल्लीपर्यंत ठाऊक झाले, एरवी प्रवासी चहाला थांबणार आणि पुढे जाणार. अशा गावातल्या माडीवर बसून एखादा मुलगा अमेरिकेतल्या विमा कंपनीचे काम करतो, हे आईवडिलांना आधी खरेच वाटेना. मग महिन्याच्या एक तारखेला पगार जमा झालेला पाहिला आणि वाटू लागले.

टाळेबंदी उठली. बहुतेक मुले परत गेली, काही राहिली. काहींना आठवड्यातले दोन-तीन दिवस कचेरीत आणि उरलेले घरी अशी मुभा मिळाली, तीही अधूनमधून आठ-पंधरा दिवस गावी येऊन काम करतात. काही सुना, ज्या पुण्यात नोकरी करत होत्या, त्या बाळंतपणाच्या निमित्ताने आल्या आणि इथूनच काम करू लागल्या. घराला हे हवेच होते. लेकरू डोळ्यांसमोर आहे, जेवण घरचे आहे, पुण्यातले भाडे वाचते आहे. या व्यवस्थेत खोट काढायला गेलो तर लोक म्हणतील, याला दुसऱ्याचे चांगले पाहवत नाही. तरीही एक गोष्ट बोललीच पाहिजे. ती म्हणजे ही मुले हलत नाहीत.

पहिल्या दिवसांत ती हलत होती, आणि त्याचे श्रेय मोबाइल कंपन्यांच्या ढिसाळपणाला द्यायला हवे. घरात रेंज नसायची. त्यामुळे पोरगा कानाला फोन लावून जिना चढायचा, गच्चीवर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जायचा, वीज गेली की कोणाच्या घरी इन्व्हर्टर आहे ते शोधत गल्ली पालथी घालायचा. पुढे फायबरची तार घरात आली, इन्व्हर्टर आला, टेबल आले, फिरती खुर्ची आली. आता उठायचे कारणच उरले नाही. चहा टेबलावर येतो, पाण्याची बाटली भरून येते, दुपारचे ताटसुद्धा कधीकधी तिथेच येते. "बाळ मीटिंगमध्ये आहे" असे आई खालच्या आवाजात सांगते, तेव्हा पूर्वी देवघरात पूजा चालू असताना पाळली जाणारी शांतता घरात पसरते.

शहरात नोकरी करणारा माणूस काही व्यायामवीर नसतो. पण त्याला खोलीतून रस्त्यापर्यंत, रस्त्यातून गाडीपर्यंत, गाडीतून मजल्यापर्यंत, टेबलापासून कॅन्टीनपर्यंत जावे लागते. कोणी सहकारी "चल, खाली जाऊन येऊ" म्हणतो. अशी नकळत हजार-दोन हजार पावले पडतात. घरी पलंग ते टेबल बारा पावले. मोबाइलमध्ये पावले मोजण्याची सोय असते, ज्याच्या घरी असा नोकरदार आहे त्यांनी एक दिवस तो आकडा पाहावा. त्यासाठी आधी त्याने मोबाइल खिशात घेऊन उठायला हवे, ही अडचण आहे खरी.

बैठ्या कामाचे दुखणे नवे नाही. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला, त्यात शिंपी, मोची अशा बसून काम करणाऱ्यांवर वेगळे लिहिले आहे. निदान सुटीच्या दिवशी तरी यांनी शरीराला व्यायाम द्यावा, असा त्याचा सल्ला होता. पण शंका फिटेल असा पुरावा मिळायला १९५३ साल उजाडले. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. वर्ग एक, पगार जवळपास सारखा, धूर-धूळही तीच. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिना चढून-उतरून तिकिटे फाडणार. हृदयविकाराचे प्रमाण चालकांत स्पष्टपणे अधिक निघाले. पुढे टपालखात्यात पाहिले, तर पत्रे वाटणारे पोस्टमन आणि खुर्चीवरचे कारकून यांच्यातही तोच फरक. आपल्याकडे लातूर-नांदेड एसटीत वाहकाला गर्दीतून वाट काढत मागच्या सीटपर्यंत जाताना पाहिले की मला मॉरिससाहेब आठवतात. ते स्वतः नव्व्याण्णव वर्षे जगले, २००९ साली गेले.

"पण आमचा पोरगा तर काडीपैलवान आहे, त्याला कशाचा व्यायाम?" हा प्रश्न मी अनेक घरांत ऐकला आहे. यावरचे उत्तर पुण्यातून आले आहे आणि ते प्रत्येक मराठी घरात माहीत असायला हवे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंची-वजनाच्या हिशोबात दोघे अगदी सारखे, दोघांचाही निर्देशांक २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. बाहेरून बारीक आणि आतून चरबीदार, अशी आपली भारतीय घडण आहे. पोटातल्या पिढ्यानपिढ्यांच्या उपासमारीशी तिचा संबंध आहे असे याज्ञिकांचे काम सांगते. म्हणजे ज्या मराठवाड्याने दुष्काळ पाहिले, त्याच्या नातवांनी काट्याकडे बघून निश्चिंत राहू नये. वजनकाटा आपल्याला खरे सांगत नाही. कमरेचा टेप सांगतो.

देशाचे आकडे पाहिले तर छाती दडपते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने २०२३ साली मधुमेहींची संख्या दहा कोटींवर नेऊन ठेवली, आणि उंबरठ्यावर उभे असलेले आणखी साडेतेरा कोटी. २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका जागतिक अभ्यासात २०२२ सालचा अंदाज दिला आहे. भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, बायकांत ५७. 'पुरेशी' म्हणजे फार नव्हे. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालणे, हे जागतिक आरोग्य संघटनेचे किमान माप आहे, जोडीला आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. २०२० च्या सूचनांत संघटनेने एक जुनी अटही काढून टाकली. पूर्वी सलग दहा मिनिटे झाली तरच ती मोजत. आता दोन मिनिटांचे उठणेही जमेस धरतात.

त्यामागचे शास्त्र सोपे आहे. मांड्या आणि पोटऱ्या हे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू. ते आखडले-पसरले की रक्तातली साखर ओढून घेतात, आणि या कामासाठी त्यांना इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. बसलो की ही दारे मिटतात. जेवल्यावर तर साखर चढतच असते, त्या वेळी दहा-पंधरा मिनिटे चालले तर ती कमी चढते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. आपल्या आजोबांना इन्सुलिन ठाऊक नव्हते, पण शतपावली ठाऊक होती. जेवण, हात धुणे, सुपारी आणि ओसरीवर येरझाऱ्या.

चालण्याच्या बाबतीत लातूरने तर साऱ्या महाराष्ट्राला धडा दिलेला आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार त्यांनी पुढे नेला आणि गावोगाव व्याख्याने दिली. दिवसातून दोनदाच जेवा आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला, हा त्यांचा उपदेश. आहाराच्या भागाबद्दल डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत, तो वाद इथे नको. गंमत अशी की लोकांनी त्यातले अर्धेच उचलले. दोन वेळा जेवायचे हे लग्नाच्या पंगतीतही ऐकू येते, "मी दीक्षित करतो" म्हणून लोक पेढा परत करतात. साडेचार किलोमीटरचे नाव काढले की विषय बदलतो.

हा आळस आहे असे मी म्हणणार नाही. आपल्या भागात न चालण्याला एक इतिहास आहे. १९७२ च्या दुष्काळात इथल्या बायाबापड्यांनी खडी फोडली, कामाच्या जागेपर्यंत कोसचे कोस पायी तुडवले. पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन किती मैल झाले याचा हिशोब कोणी ठेवला नाही. आणि ते फार जुनेही नाही, एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या माणसाने जन्मभर नाइलाजाने चालून पाहिले, त्याला मुलाने दारात मोटारसायकल उभी केली म्हणजे काय वाटते हे पुण्याच्या टेकडीवर फिरायला जाणाऱ्याला कळणार नाही. चालणे हे गरिबीचे चिन्ह होते. म्हणून आजही चाकूरच्या बाजारपेठेत एखादा बरा कपडे घातलेला माणूस पायी दिसला, की ओळखीचा थांबून विचारतो, "गाडी बिघडली का? बसा, सोडतो." त्या विचारण्यात खरी माया असते. तिला नाही म्हणणे जड जाते.

जुन्या घरांचा गहिवर मात्र मला येत नाही. वाड्यात जाते होते, उखळ होते, आडाचा रहाट होता, माळवदावर डाळी वाळत घालायला लाकडी शिडी होती, त्यामुळे माणसे ठणठणीत होती, असे लिहिण्याची पद्धत आहे. जात्याचे कौतुक करणारे बहुधा त्याच्या खुंट्याला हात न लावलेले असतात. पहाटे चारला उठून दळणाऱ्या बाईचे पन्नाशीत गुडघे आणि कंबर कसे व्हायचे, ते तिलाच विचारायला हवे होते. पिठाची गिरणी आली, मिक्सर आला, नळ आला, हे उत्तम झाले. त्या घरातली एकच गोष्ट मला परत हवीशी वाटते, ती म्हणजे जमीन. माणसे पाटावर जेवत, सतरंजीवर बसत, उकिडवे बसून भाजी चिरत. दिवसातून वीस-पंचवीस वेळा जमिनीवर जाणे आणि उठणे होई. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी २०१२ साली दोन हजारांवर प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली होती. हाताचा आधार न घेता जमिनीवर बसून उठता येणारे लोक पुढच्या काही वर्षांत तुलनेने कमी दगावले. गुडघे गेलेल्यांनी या फंदात पडू नये. पण तिशीतल्या मुलाने एक वेळचे जेवण टेबलाऐवजी खाली बसून करायला काय हरकत आहे? उठताना मुलाची तारांबळ पाहून घरच्यांची करमणूकही होईल.

आता सुनेकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. घरून काम करणाऱ्या मुलाला चहा टेबलावर येतो. घरून काम करणारी सून तो चहा करायला उठते. "ती घरीच तर असते" या चार शब्दांत तिची नोकरी विरघळून जाते. मीटिंगच्या मधल्या दहा मिनिटांत कुकर, मुलाचा डबा, दारावर आलेला भाजीवाला. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जातो आणि पुरुषांचा ९७, असे निघाले. तिने फिरायला जाते म्हटले की सासूबाईंचा प्रश्न तयार असतो, "घरात काय कमी फिरणं होतंय का तुझं?" प्रश्न ऐकायला रास्त वाटतो, पण आहे चुकीचा. ओट्यापाशी तासभर उभे राहणे हे श्रम आहेतच, पाय भरून येतात, पण छातीचा भाता त्याने चालत नाही. दम लागेल इतके सलग चालणे वेगळे आणि स्वयंपाकघर ते हॉल अशा येरझाऱ्या वेगळ्या. शिवाय त्या चालण्यात तिला कोणी हाक मारत नाही, हा लाभ औषधापेक्षा कमी नाही.

पुरुषमंडळींना बसणे मोडण्याचा उत्तम उपाय याच घरात आहे. दुपारचा चहा त्यांनी स्वतः करावा आणि सुनेला नेऊन द्यावा. हालचालही होईल, आणि तिची पंधरा मिनिटे मोकळी होतील. मी हे गमतीने लिहीत नाही. घरातले काम वाटून घेतल्याखेरीज घरून काम करणाऱ्या बाईच्या व्यायामाची चर्चा करण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे व्यायाम म्हटले की एक तर पैलवान आठवतो, नाहीतर भरती. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आले, त्या अभिमानावर आपल्या कितीतरी तालमी चालल्या. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. पहाटे पोलीस-सैन्य भरतीची तयारी करणारी मुले रस्त्याने धावताना दिसतात, पाहून बरे वाटते. पण भरती झाली किंवा वय निघून गेले, की बूट कोपऱ्यात जातात. पदकासाठी नाही, भरतीसाठी नाही, नुसते चाळिशीत साखर वाढू नये म्हणून रोज शरीर हलवायचे, ही कल्पना अजून गावात रुजलेली नाही. 'बैठका' या शब्दाचा एक अर्थ मीटिंगा आणि दुसरा तालमीतला व्यायाम. घरून काम करणाऱ्याने पहिल्या प्रकारच्या प्रत्येक बैठकीमागे दुसऱ्या प्रकारच्या दहा मारल्या, तर दिवसाकाठी पन्नास-साठ होतील. त्याला ना जागा लागते ना पैसा.

इथल्या नोकरदाराची दिनचर्या मात्र पुस्तकात बसणारी नसते. अमेरिकेची सकाळ ही आपली संध्याकाळ, त्यामुळे मीटिंगा रात्री नऊ-दहापर्यंत रेंगाळतात, जेवण अकराला, झोप एकला. अशा माणसाला पहाटे पाचला उठून फिरा म्हणणे क्रूरपणा आहे. झोप मोडून केलेला व्यायाम फार दिवस टिकतही नाही. त्याने सकाळी नऊपूर्वीची अर्धी तास वेळ धरावी, आणि संध्याकाळचे जेवण मीटिंगांच्या आधी साडेसात-आठला उरकून गल्लीत दोन चकरा माराव्यात. ज्या मीटिंगमध्ये आपल्याला फक्त ऐकायचे असते (आणि अशाच जास्त असतात), ती गच्चीवर चालत ऐकावी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा दिवसा गच्ची नको, घरातल्या घरातच जिना चढावा. पाण्याची मोठी बाटली टेबलावर ठेवू नये, तांब्या-भांडे स्वयंपाकघरातच असू द्यावे, तहान लागली की उठावेच लागेल. आणि आईने, कितीही माया दाटून आली तरी, ताट टेबलावर नेऊ नये.

पण सगळा भार एकट्यादुकट्याच्या निश्चयावर टाकून चालणार नाही. चालायचे तर कुठे? महामार्गाच्या कडेने ट्रक अंगावरून जातात. गल्लीत रात्री मोकाट कुत्र्यांचे राज्य असते, हातात काठी घेतल्याशिवाय माणूस निघत नाही. बायकांनी सात नंतर एकट्याने फिरावे असा उजेडाचा रस्ता तालुक्याच्या गावात क्वचितच असतो. वडवळ नागनाथचे वनौषधींचे बेट आपल्या तालुक्यात आहे, रविवारी मुलाबाळांना घेऊन ते चढून यावे हे ठीक, पण रोजची सोय गावातच हवी. शाळा-महाविद्यालयांची मैदाने गावात आहेतच. ती सकाळी साडेपाच ते सात आणि संध्याकाळी सहा ते साडेआठ सर्वांसाठी उघडी ठेवता येतील. त्याला नगरपंचायतीचा ठराव, चार दिवे, एक कुलूप उघडणारा माणूस आणि आठवड्यातून एकदा झाडणे एवढेच लागते. सिमेंटचे रस्ते करताना कडेला तीन फूट चालण्यापुरती जागा सोडली तर खर्च फारसा वाढत नाही, फक्त तिच्यावर नंतर टपरी येऊ द्यायची नाही. संध्याकाळची वेळ बायकांच्या मोठ्या गटाने एकत्र धरली तर पहिल्या महिन्यातले "कुठं निघालात गं एवढ्या सगळ्या?" हे प्रश्न दुसऱ्या महिन्यात आपोआप थांबतात. ज्या गावांनी हे सुरू केले तिथे विचारणाऱ्याच पुढे बरोबर येऊ लागल्या. नगरपंचायतीच्या पुढच्या सभेत हा विषय घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही, एका नगरसेवकाचे पत्र पुरते. ते पत्र लिहायला मदत हवी असेल, तर घरबसल्या काम करणारी संगणकवाली मुले प्रत्येक प्रभागात आहेत. पत्र टाइप झाले की द्यायला मात्र त्यांनी चालत जावे.